सुतळीचं दुसरं टोक

फर्स्ट शिफ्ट उरकून हर्षद अष्टमी गावातल्या घरी आला आणि बापाचा घडीचा कॅमेरा त्यानं अंगणात स्टँडवर चढवला. झाकण उघडताच काळा भाता पुढे सरकला, अगदी पूर्वीसारखा. या कॅमेऱ्यात समोरचं माणूस स्पष्ट येणार की धूसर, हे आधी कळायची सोयच नव्हती. अंतर मोजायचं आणि तेवढ्या फुटांवर भिंगाभोवतीची कडी फिरवायची.

म्हणून बापानं कॅमेऱ्याला फुटाफुटावर गाठी मारलेली सुतळी बांधली होती. तिचं दुसरं टोक आई समोरच्याच्या नाकाशी धरायची. बाप गाठी मोजायचा, म्हणायचा, "सोड गो आता," आणि ती हसत बाजूला व्हायची. गावोगावच्या नवरानवरींचे फोटो दोघांनी असेच काढले. आईचा मात्र एकही निघाला नाही, आणि गेल्या पावसाळ्यात ती गेली.

"कुणाचा फोटो काढताय?" रोहिणीनं आतून नवऱ्याला विचारलं.

"कुणाचा नाय गो. आई बसायची त्या बाकाचा."

ऊन कडक होतं, म्हणून त्यानं भिंगाचं भोक बारीक केलं. जमिनीवर लोळणारी सुतळी उचलायला तो वाकला, तोच ती आपणहून उठली. वारा नव्हता. बाकावर बसलेल्या माणसाचं नाक जिथं येईल, तिथं टोक थांबलं आणि सुतळी ताठ झाली.

हर्षदनं गाठी मोजल्या. कडी फिरवली. बापाच्याच सुरात म्हणाला, "सोड गो आता."

सुतळी ताठच राहिली.