म्हशीचा पंचनामा

म्हशीच्या फाटलेल्या कानाचं माप घेणं चाललं होतं. जनावरांच्या डॉक्टरने कान धरला, हवालदाराने पट्टी लावली, आणि दूध सोसायटीच्या चारा छावणीतली निम्मी माणसं हातातली कामं टाकून भोवती जमली.

"दोन इंच," हवालदार म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

कानातला पिवळा बिल्ला तुटून कालपासून कुंपणाच्या तारेला लटकत होता. दुष्काळात जनावरं थोडी आणि बिल्लेच जास्त, अशी बोंब झाल्यापासून तालुक्याहून हुकूम होता: बिल्ला तुटला की आधी पंचनामा, मग नवा बिल्ला. म्हणून म्हशीसाठी जीप आली होती. आज सकाळी आठला फोन गेला, साडेनऊला जीप हजर.

जाईबाई दावणीच्या टोकाला उभी होती. ह्या ओळीतल्या जनावरांना वैरण-पाणी करायचं काम तिचं. हजेरीच्या वहीत मात्र नाव नवऱ्याचं, ज्ञानोबाचं. तो चार महिन्यांपासून पुण्याकडे वीटभट्टीवर होता, तरी वहीत रोज हजर असायचा.

तिच्या उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. काल दिवस मावळायच्या आत ती पायी चौकीवर गेली होती. ह्याच हवालदाराने मान वर न करता सांगितलं होतं, "नवऱ्याला घेऊन ये." नवरा गावात नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग आल्यावर ये." मनगटाला किती इंच लागलंय, ते त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

तिला म्हशीचा हेवा वाटला. म्हशीला स्वतःचा नंबर होता. म्हशीसाठी डॉक्टर होता, जीप होती, शिक्क्याचा कागद होता. उन्हाळाभर जिच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्याकडे आज तिला बघवेना.

"कशानं बिथरली?" हवालदाराने विचारलं.

बद्रीनाथ पुढे झाला. छावणीचा सगळा कारभार सोसायटीने त्याच्याकडे दिलेला. "बाईचा हलगर्जीपणा, साहेब. वैरण टाकताना अंगावरच गेली तिच्या. कान तारेत अडकला. बाईला आमी कामावरून कमी केलंय."

"खोटं हाय," जाईबाई म्हणाली. "ह्यानं माझा हात धरला. मी वरडले, तर पिरगाळून म्हशीच्या डोक्यावर आपटला. बांगड्या फुटल्या. मग बिथरली ती."

"ते तुझं येगळं प्रकरण हाय. हितं म्हशीचं चाललंय." हवालदार मोठ्याने म्हणत लिहू लागला, "ज्ञानोबाच्या बायकोच्या हलगर्जीपणामुळे..."

"माझं कावून लिवत न्हाई, साहेब? म्हशीला कुणी इचारलं का, नवरा कुठं हाय म्हणून?"

माणसं हसली. सगळ्यात आधी बद्रीनाथ हसला.

डॉक्टर हसला नाही. त्याचं लक्ष कानाकडे होतं. दोनदा धुऊनही रक्त थांबत नव्हतं आणि म्हैस सारखी मान झाडत होती. "धरा जरा घट्ट. आत काहीतरी रुतलंय," तो म्हणाला.

कुणी पुढे होईना. जाईबाईनेच म्हशीची मान काखेत धरली. म्हैस लगेच शांत झाली. डॉक्टरने चिमटा घातला आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तुकडा बाहेर काढून तळहातावर ठेवला. रक्त पुसल्यावर तो हिरवा निघाला. काच होती.

"वैरणीतून आली असंल," बद्रीनाथ म्हणाला.

"म्हैस कानानं वैरण खाते का?" जाईबाई म्हणाली.

माणसं पुन्हा हसली. ह्या खेपेला बद्रीनाथ हसला नाही.

जाईबाईने मनगटाचं फडकं सोडलं आणि दोन्ही हात पुढे केले. उजवा हात ओरखड्यांनी भरलेला आणि मोकळा. डाव्या हातात सहा बांगड्या, हिरव्यागार.

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने बद्रीनाथकडे पाहिलं.

"हे लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "जखमेतून निघालंय. त्याशिवाय मी सही करणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय नवा बिल्ला नाही."

बद्रीनाथने घड्याळ पाहिलं. दुपारी जनावरांची मोजणी होती, आणि बिनबिल्ल्याचं जनावर सापडलं तर सगळी छावणीच चौकशीत जाणार होती. "लिवा, लिवा लवकर," तो घाईने म्हणाला. "नुसतं काच म्हणून लिवा."

हवालदाराने लिहिलं: जखमेत हिरव्या काचेचा तुकडा, एक. मग त्याने तुकडा पाकिटात टाकला आणि पाकिटावर म्हशीच्या बिल्ल्याचा नंबर सावकाश उतरवला, बाराही आकडे.

"कुणाची काच, ते?" जाईबाईने विचारलं.

"त्याला हितं जागा न्हाई."

बद्रीनाथचा जीव भांड्यात पडला. तो नवा बिल्ला आणायला हाक मारू लागला.

जाईबाई पाकिटाकडे बघत राहिली. तिची बांगडीसुद्धा म्हशीच्याच नावावर चढली होती. तिने डाव्या हातातली एक बांगडी हळूच सरकवत काढली आणि हवालदाराच्या कागदावर ठेवली.

"ही बी त्याच पाकिटात टाका, साहेब. कोर्टात जुळवून बघायला व्हईल," ती म्हणाली. "वर लंबर म्हशीचाच ऱ्हाऊ द्या."