काय ते एका ओळीत कळवा

दशरथ कुबलांच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे आमदार शिवदास टिपणीसांना नेमकं सभागृहात उभं राहिल्यावर आठवलं. पत्र येऊन वर्ष उलटलं होतं. आता आठवून उपयोग नव्हता. अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला होता.

पत्र साधं होतं. घाटकोपरची कुबलांची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली होती. नवं घर मिळेपर्यंत बिल्डर भाडं देणार होता. काही महिने त्याने दिलं, मग तो देईनासा झाला. इमारतीच्या जागी खड्डा होता, खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यात आता बगळे येऊ लागले होते. कुबल आणि त्यांची बायको मालन साकीनाक्याला भाड्याच्या खोलीत राहत होते. खोलीचं भाडं वाढलं, डाळ वाढली, सिलिंडर वाढला. कुबलांचं वयही वाढलं. पेन्शन तेवढी होती तिथेच होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'ही विचारते, मुंबईत थांबायचं की गावाला जायचं? तुम्ही सांगाल ते फायनल. काय ते एका ओळीत कळवा.'

ती ओळ लिहायला टिपणीस बसलेही होते. 'थांबा' लिहावं, तर भाडं कोण भरणार? 'जा' लिहावं, तर मग आपण आमदार कशाला झालो? शेवटी विरोधी पक्षातल्या माणसाला जे जमतं ते त्यांनी केलं. कुबलांच्या पत्राचा तारांकित प्रश्न केला, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावंच लागेल.

मंत्र्यांनी दिलं. छापील उत्तर टिपणीसांच्या हातात होतं.

'घाटकोपर येथील रहिवाशांचे भाडे थकले आहे, हे खरे आहे काय?'

'हे अंशतः खरे आहे.'

'असल्यास, सदर रहिवाशांनी कोठे राहावे, याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला आहे?'

'प्रश्न उद्भवत नाही.'

टिपणीस एरवी हळू बोलत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "अध्यक्ष महोदय, माणसं कुठे राहणार हा प्रश्न उद्भवत नाही? मला भाषण नको, बैठक नको. माणसांनी थांबायचं की जायचं, काय ते मंत्र्यांनी एका ओळीत सांगावं! आणि ते सांगणार नसतील तर मी सांगतो. या मुंबईतून एकाही माणसाला मी बोचकं बांधू देणार नाही!"

विरोधी बाकं जोरजोरात वाजली. मंत्री म्हणाले, बैठक लावतो.

दुसऱ्या दिवशी टिपणीस पंतनगरच्या ऑफिसात आले, तर तिथला कारभार बघणारी क्षमा मोबाईल नाचवतच उभी होती. "सर, बोचक्याची क्लिप झकास चाललीय. सगळ्या ग्रुपवर आहे."

टिपणीस संकोचले. पण त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्यांनी आपण होऊन कुबलांना फोन लावला.

"कुबल, टिपणीस बोलतोय. काल तुमचा प्रश्न मांडला हो सभागृहात."

"बघितलंय तर! मोबाईलार इला ना. बरा बोललात." कुबल खूश होते. "फक्त काय झाला साहेबानू, आमचो प्रश्न थंय ऱ्हवलो आणि आमी हंय इलाव."

"हंय म्हणजे?"

"गावाक. मालवणाक. शिमग्याच्या आधीच इलाव."

टिपणीस खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तिकडे बरं आहे ना सगळं?"

"माका बरा आसा. पण मालन बोचकी सोडूक देणा नाय."

"का?"

"साहेबांका विचारलला आसा म्हणता. त्यांचो जबाब येवंदे. उद्या थांबा म्हणान लिवल्यानी, तर परत बांधूची कोणी? ताट-वाटी बोचक्यातसून काढता, जेवल्यार धुवन परत बोचक्यात."

"त्यांना फोन द्या. मी आत्ता सांगतो."

"फोनार नको ओ. पत्र धाडलला, तिका पत्रच होया."

टिपणीसांनी मालवणचा पत्ता विचारून घेतला आणि फोन ठेवला. क्षमाने ऐकलं होतं. तिने कॉम्प्युटरवर नेहमीचा मसुदा उघडला. "आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून शासनाकडे पाठपुरावा सुरू आहे. हेच पाठवू ना?"

"नको," टिपणीस म्हणाले. "पोस्टकार्ड आहे का आपल्याकडे?"

पोस्टकार्ड ऑफिसात नव्हतं. क्षमा पोस्टात जाऊन घेऊन आली. टिपणीसांनी आधी पत्ता लिहिला, सवयीने घाटकोपरचा. तो खोडला आणि त्याच्या खाली मालवणचा लिहिला. मग ते कार्ड उलटं करून बराच वेळ बसून राहिले. बाहेर लोक तिष्ठत होते. कुणीतरी क्षमाला सांगत होतं, आपला माणूस काल काय बोलला, वाट लावली मंत्र्याची.

शेवटी त्यांनी लिहिलं. क्षमाने टेबलापलीकडून वाचलं आणि हळूच विचारलं, "सर, हे कुणी ग्रुपवर टाकलं तर?"

"तर टाकलं."

"आणि एवढंच लिहायचं?"

"त्यांनी एवढंच मागितलं होतं."

टिपणीस स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले. वाटेत दोघातिघांनी क्लिपबद्दल अभिनंदन केलं. त्यांनी नमस्कार केला आणि कार्ड पेटीत टाकलं. त्यावर एकच ओळ होती.

'मालनताई, बोचकी सोडा.'