मुखवट्यातलं मेण

चाकणच्या कारखान्यातून आलेल्या इंजिनिअर पोरीपुढे तानूबाई गुरविणीने देवीचा चांदीचा मुखवटा ठेवला. "आतल्या मेणाला हात लावू नकोस," तिने बजावलं.

एकोणीस वर्षांपूर्वी देवळातून चोरीला गेलेली मूर्ती परदेशातल्या एका संग्रहालयात सापडली होती. पण ती याच गावची, याला पुरावा काय? देवीचा फोटो काढायची रीतच गावात नव्हती.

जत्रेत मुखवटा घट्ट बसावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आत मेण लावत. चोरीनंतर नवी मूर्ती आणली, तेव्हा तो तिच्यावर बसेना. "मेण खरवडून टाक," देवस्थानचे अध्यक्ष दर दसऱ्याला म्हणायचे. "त्याला आईचा चेहरा लागलाय," म्हणत तानूबाई फक्त बाहेरची चांदी घासायची.

गाडीचे सुटे भाग मोजायचं यंत्र कंपनीने चोरीच्या मूर्तींच्या शोधासाठी दिलं होतं. पोरीने त्याचा उजेड मेणावरून फिरवला, संग्रहालयाने पाठवलेली मापं ताडून पाहिली आणि तिचे डोळे चमकले.

"आजी, मूर्तीच्या नाकाचा डावीकडे टवका उडालाय. मेणातही तो तसाच उमटलाय. केसाइतकाही फरक नाही."

चैत्रात देवी परत आली. ढोल थांबवून सारं गाव गाभाऱ्याकडे बघत राहिलं. अध्यक्षांनी ताज्या मेणाची वाटी पुढे केली.

"राहू द्या," तानूबाई म्हणाली. तिने मुखवटा मूर्तीवर टेकवून हलकेच दाबला आणि दोन्ही हात काढून घेतले. मुखवटा तसूभरही हलला नाही.

तानूबाई मागे वळली. "आता वाजवा."