सव्वीस शून्यं की पंचवीस

चारावर सव्वीस शून्यं की पंचवीस, यावरून मुलीचं लग्न अडलं होतं.

मुलगा चांगला होता. आईपुढे मान वर करत नसे, एवढं सोडलं तर. पसंती झाली होती. उरली होती फक्त तारीख. ती ठरवायला मुलीचे बाबा मुलाच्या आईकडे गेले आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. बाबा वेधशाळेतले. त्यांची सगळी मापं प्रकाशवर्षांत, म्हणजे उजेड वर्षभर धावून जेवढं अंतर कापतो तेवढ्यात. मुलाची आई प्रयोगशाळेत अणू मोजायची. तिचं माप अँगस्ट्रॉम. अणूची जाडी मोजायची ती पट्टी. दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले, त्यामुळे मध्ये पडून "पुरे आता" म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

बाबा सहज म्हणाले की सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा तारा चारेक प्रकाशवर्षांवर आहे. बाईंनी विचारलं, चारेक म्हणजे किती? बाबांच्या धंद्यात दहापट इकडचं तिकडे झालं तरी कुणाचं जेवण चुकत नाही. बाईंच्या धंद्यात एका अणूवरून माणसं बोलणं टाकतात. बाबांनाही चेव आला. तुमच्या मापात सांगतो, म्हणाले, चारावर सव्वीस शून्यं. बाईंनी खोलीतल्या फळ्यावर आकडेमोड मांडली आणि पंचवीसच काढली. शून्यं मोजता न येणाऱ्या घराशी सोयरीक करताना दहादा विचार करावा लागेल, असंही वर ऐकवलं. गणित जुळेपर्यंत तारीख नाही, असं ठरलं. पुन्हा बसायचं रविवारी.

मग बाबा दर रविवारी जाऊ लागले. जाऊन, वाद घालून, दिवेलागणीला परत येऊन सांगायचे की बाई भलतीच हट्टी आहे, आज पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं. इस्त्रीचं नाव न काढणारा हा माणूस शनिवारीच शर्ट कडक करून ठेवू लागला. चष्म्याची फ्रेम बदलली. मुलगी बघत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. बाबा लढाईला निघाल्यासारखे निघतात, हे काही बरं लक्षण नव्हतं. तिकडून मुलगा कळवायचा की आईने फळ्यासमोर दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे, तीही गादीची. शत्रूला नीट बसवून मग हरवायचा बेत असणार, असा दोघांनी अर्थ लावला.

त्यातच मुलाची परगावी बदली झाली. महिनाअखेरीला त्याला निघायचं होतं, बायको घेऊन किंवा एकटं. तेव्हा मात्र मुलीने कंबर कसली आणि रविवारी बाबांबरोबर स्वतःच गेली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. तिथे एक शून्य चुकलं तर गिऱ्हाईक परत येत नाही, तक्रार करायलासुद्धा.

बाईंनी स्वागत बरं केलं. मुलीकडे बघून हसल्या, बाबांकडे बघून भुवया उंचावल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मुलगा बाजारात गेला होता, किंवा पाठवला गेला होता. मुलगी सरळ फळ्यापाशी गेली आणि एकेक ओळ बोटाने वाचू लागली. प्रकाशवर्षाचे किलोमीटर बरोबर. किलोमीटरचे मीटर बरोबर. मीटरचे अँगस्ट्रॉम करताना एकावर दहा शून्यं द्यायची असतात. बाईंनी नऊ दिली होती.

मुलीने पुन्हा मोजली. नऊच. सारा जन्म अँगस्ट्रॉममध्ये काढलेली बाई. वाण्याने किलोचे ग्रॅम विसरावेत तशी ही चूक होती. मुलीला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. बाबा जिंकले होते, लग्न मार्गी लागलं होतं. तिने खडू उचलला.

"बाबा, हे बघा. नऊच शून्यं दिलीत, दहा पाहिजेत. तुमचंच बरोबर आहे."

बाबांचा चेहरा खुलला नाही. ते गादीच्या खुर्चीतून चटकन उठले, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि तिचा हात धरला.

"ठेव तो खडू. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

माझं लग्न अडलंय आणि तुम्ही गप्प बसलात, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. बाबा खाली बघू लागले. नव्या फ्रेमचा चष्मा त्यांनी उगाच काढून पुसला. एवढ्या तीक्ष्ण बाईला स्वतःची चूक कशी सापडत नाही याचं नवल वाटायचं, पण देवाने दिलंय तर आपण कशाला दाखवायची, असं काहीतरी ते पुटपुटले.

"आणि गणित सुटलं, तर रविवारी मी जाऊ कुठे?"

मुलीला त्यांचा राग आला आणि रागापेक्षा जास्त त्यांची माया वाटली. तिचं लग्न की त्यांचे रविवार, हे काही कुठल्या मापात बसेना. खडू हातातच राहिला. तेवढ्यात कपांचा आवाज झाला. बाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. बाबांचा कप बाबांच्या पुढ्यात सरकवला. मग मुलीकडे वळल्या आणि तिच्या हातातला खडू हळूच काढून घेतला.

"लग्नाची तारीख तुम्ही दोघं ठरवा, पोरी. ती नऊ शून्यं मात्र राहू देत, विचार करून लिहिलीत मी."