ओबुराचा उजवा हात

सुई ओबुराच्या खांद्यात शिरली. कळवळला तो शेजारी उभा असलेला चेअरमन ओमबोग.

"शनिवारपर्यंत हात वर जाईल ना, डॉक्टर?"

"सूज उतरली की जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या स्नायूंचा पट्टा, थोडा फाटलाय, तो काही इंजेक्शनानं सांधला जात नाही. बाबा, सध्या जाळं ओढायचं नाही."

तीस वर्षं सरोवरात जाळी फेकून खांदा गेला होता. आठ महिने हात छातीच्या वर येत नव्हता. आणि आमच्या होडीवाल्यांच्या समितीत मत देतात ते उजवा हात वर करून. डावा वर करणं म्हणजे शिवी. चेअरमन विचारायचा, "बाजूनं कोण?" पन्नास हात वर. ओबुरा एकटा तसाच. खरं तर तोही बाकीच्यांइतकाच भित्रा. पण मासळी सुकवणाऱ्या बायकांनी त्याला सिंह ठरवला. तो दिसला की टोपल्या खाली ठेवून उभ्या राहायच्या. मग खांद्याचं कोण सांगतंय? शेवटी चोळायचं तेल घेताना त्याची बायको दुकानात बोलून गेली. दुकान चेअरमनचं. दुसऱ्याच दिवशी ओबुरा चेअरमनच्या गाडीतून किसुमूच्या दवाखान्यात.

शनिवारी सभा भरली. बायका ओमेना मासळी सुकवतात ती किनाऱ्यावरची वाळूची जागा चेअरमनच्या मेहुण्याला हॉटेलसाठी द्यायची होती. बायकांच्या नावावर होड्या नाहीत, म्हणून मत नाही. त्या मागं उभ्या होत्या.

"बाजूनं कोण?"

पन्नास हात वर गेले. ओबुराचा मांडीवरच.

चेअरमन हसला. "मंडळी, हा कसला विरोधक. खांद्याचा पेशंट आहे. मीच टोचून आणलाय. कर रे वर, लाजू नको."

सगळे खिदळले. बायका नाही. त्यांच्यातली आकोथची आई पुढं आली. "म्हणजे आठ महिने नुसता खांदा होता होय, ओबुरा?"

"होय," तो म्हणाला. "नुसता खांदाच होता. आता बरा आहे. चेअरमनसाहेब, विरोधात कोण, ते विचारा."

बारा वर्षांत चेअरमननं हे कधी विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नाही. ओबुराचा हात न विचारताच वर गेला. दंड थेट कानाला टेकला.

"सुई बरी लागू पडली, साहेब," आकोथची आई म्हणाली. "आता या पन्नास जणांनाही टोचून आणा."