निघालो

पोंक्ष्यांच्या टेबलावरचा फोन वाजला, तेव्हा मी नुकतंच त्यांचं लॉगिन कायमचं बंद केलं होतं.

ते जाऊन वर्ष झालं, तरी कंपनीचा पगाराचा जुनाट प्रोग्राम त्यांनी लिहिला तसाच, त्यांच्याच लॉगिनवर चालायचा. आम्ही सगळे सकाळी पोंक्षे होऊन आत शिरायचो, संध्याकाळी पोंक्षे होऊन बाहेर पडायचो. नव्या साहेबांना ते खटकलं. "मेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस काम करणार? आजच बंद करा."

फोनवर पोंक्ष्यांची बायको होती. "आज निरोप आला नाही हो."

"कसला निरोप, वहिनी?"

"रोजचा. तिकडे काम बंद झालं की माझ्या मोबाइलवर 'निघालो' असं येतं. यांनीच तशी सोय करून ठेवली होती. हे नाहीत, कळतं मला. पण निरोप आला की मी चहाचं आधण ठेवते. अजून निघाले नाहीत का हे?"

मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. फार वेळ पाहवलं नाही.

"निघतायत, वहिनी," मी म्हणालो, आणि बंद केलेलं लॉगिन उघडून पुन्हा पोंक्षे झालो.