सपत्नीक

अंटार्क्टिका मोहिमेच्या गौरव सोहळ्यात निवेदकाने पुकारलं, “डॉ. टिपणीस, सपत्नीक मंचावर यावं!” हेमांगी नवऱ्यासोबत वर गेली. अध्यक्षांनी शाल थेट त्याच्या खांद्यांवर घातली. तिच्या हाती खण-नारळ आला. “वहिनी, तुम्ही घर सांभाळलंत, म्हणून साहेब चौदा महिने बर्फात राहिले!”

“जाऊ दे गं,” नवरा पुटपुटला.

जाऊ दे? उणे चाळीस अंशांत बंद पडलेला जनरेटर तिने काही ‘जाऊ दे’ म्हणून चालू केला नव्हता.

तिने माइक ओढून घेतला. “डॉ. टिपणीस मी आहे. हे बँकेत असतात.” मग त्याच्या खांद्यांवरची शाल काढून तिने स्वतः पांघरली आणि खण-नारळ त्याच्या ओंजळीत दिला.

“चौदा महिने घर यांनी सांभाळलं. ओटी यांची भरा!”